दोन मिनिटं

टॉडमॉर्डनच्या चर्चमागल्या हॉलमध्ये
क्लेग आपली पोटरी माझ्या मांडीवर टाकतो.
एकसष्टीचा पोस्टमन. टेकडीची शर्यत दहाला.

लाल रबरी पट्टी, घोट्यापासून वर,
प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर.
"अजून आवळ," म्हणतो, "पार्सल समज."

घड्याळ लावते. दोन मिनिटं, वर नाही.
तो पाऊल वर-खाली करतो, दात खाऊन.
"खरंच फरक पडतो का?"
काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही.
सांगते तसंच. त्याला ते आवडत नाही.

इस्लामपूरला भोवऱ्याला जाळी गुंडाळताना
दादा ओरडायचा, सैल नको, लडबडेल!
फेकल्यावर भोवरा भिरभिरत दूर,
जाळी आपल्याच बोटात.

पट्टी सोडली.
कातडी पांढरीफटक, वेढ्यांचे वळ,
मग एकाएकी लाल:
रक्त परत आलं, बूट वाजवत,
उशिरा घरी येणाऱ्या पोरांसारखं.

क्लेग दोनदा जागच्या जागी उडतो,
माझ्याकडे न बघता "बरं आहे" म्हणतो
आणि दारातून थेट ढगात.

पट्टी हातात, अजून कोमट.
गुंडाळून ठेवते. सैल.