घर वरच्या अंगाला

बाकीचे लडाखला गेले.
माझ्याकडे उरल्या होत्या तीन सीएल,
त्यांत बसेल एवढाच घाट मी निवडला:
महूवरून जाम, खाली मंडलेश्वर,
मुक्काम महेश्वरला, आणि परत.

आमच्या इंदूरचं हे असं उलटं आहे.
आपण राहतो पठारावर,
त्यामुळे सुट्टी सगळी उताराला लागते
आणि चढ येतो घराच्या वाटेवर.

जाताना काही कळलंच नाही.
ब्रेकच्या रबराचा वास, डोळ्यांत पाणी,
वळणामागून वळण मी नुसतं सांडत गेले.
आई म्हणायची, वसू, उताराला हसू नये.
मी मोठ्यांदा हसले.

मधला दिवस पायरीवर बसून काढला,
पाय नर्मदेत, मासे टाचा हुंगत.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला निघाले.
डिसेंबर. कपाशीवर धुकं.
हँडलच्या पिशवीत चार केळी, शेवेचा पुडा, पंक्चरचं सामान,
आणि भाच्यानं दिलेली गोळी:
"पाण्यात टाक मावशी, ताकद येते."
पाणी नारिंगी झालं.
ताकद कुठे गेली, ठाऊक नाही.

पहिल्या वळणावर गियर मोजले,
तिसऱ्यावर ते संपले.
मग मोजायला राहिले श्वास आणि मैलाचे दगड,
पण दगडांना कुणी नुकताच चुना फासला होता,
आकड्यांसकट.

मागून विटांचा ट्रक आला, माझ्याइतकाच हळू.
बराच वेळ आम्ही बरोबर चढलो,
तो खोकत, मी खोकत.
क्लीनर दारातून वाकला:
"मॅडम, छोड़ दूँ ऊपर तक?"
मी मान हलवली. त्याला वाटलं, हो.
ट्रक थांबला, मग सगळ्यांनाच कळलं,
आणि तो गेला वळणाआड
आपला काळा धूर माझ्यासाठी ठेवून.

सागाचं एक पान, ताटाएवढं, चाकात अडकलं
आणि टाळ्या वाजवत राहिलं.
काढलं नाही. तेवढंच कुणीतरी.

मग उतरले.
आधी बुटाची नाडी सुटल्याचं नाटक केलं,
बघायला एक वानर होतं फक्त,
त्यालाही पटलं नसावं.

तिथेच शोभाराम गाठ पडला.
काळी जुनी सायकल, ना गियर ना मडगार्ड,
दोन्ही अंगांना दुधाचे भरलेले कॅन,
आणि तो शेजारून ढकलत.
माझीची किंमत विचारली नाही (सगळे विचारतात),
एका हातानं उचलून पाहिली.
"हल्की है. तो फिर पैदल क्यों?"
म्हटलं, "मैं हल्की नहीं हूँ."
तो हसला नाही. कॅनची दोरी आवळली.
"यहाँ से तो सब पैदल," म्हणाला,
"मैं तीस साल से."

पुढे दोघं चालत राहिलो.
त्याच्या दुधाचा डुचमळ आवाज, माझ्या चेनची किरकिर.
वरच्या हलवायाला नऊच्या आत खव्याचं दूध लागतं,
उशीर झाला तर तो पाणी मिसळल्याचा आळ घेतो,
असं काहीबाही तो सांगत होता.
तो जे रोज करतो
ते मी रजा टाकून करत होते.

जाम दरवाजा. वारा, भाजलेली कणसं, मॅगीच्या टपऱ्या,
कॉलेजची पोरं: "आंटी, एक फोटो!"
शोभाराम थांबलाच नाही.
टांग मारली, कॅन खणखणले, सपाटीला लागला.

मी कमानीतून खाली पाहिलं.
नर्मदा दिसते म्हणतात.
मला दिसली रस्त्याची सुतळी
आणि तिच्यावरून उतरणारा एक रिकामा ट्रक,
कदाचित तोच.
हात केला. एवढ्या लांबून काय दिसणार.

संध्याकाळी सुदामानगर. लिफ्ट बंद.
सायकल खांद्यावर घेतली.
दुसऱ्या मजल्यावर करमळकर काकू दार किलकिलं करून:
"कुठे होतीस गं तीन दिवस?"
"खाली," म्हटलं.

अजून एक मजला होता.