पंचवीस फूट

कॉटन मार्केटजवळ, जुन्या पंख्यांच्या ढिगाशेजारी
ऐंशी पार बोपचेकाकांनी गोणपाटावर मांडला होता तो:
विटेएवढा जड, रशियन,
अंगावर न कळणाऱ्या लिपीत नाव.
"भिलाईले होतो मी, रोलिंग मिलमधी.
साहेब त्याच्या देशात वापस गेला, मले देऊन गेला.
फोटो नाही काढत हा. पिक्चर काढते."
अडीच हजार म्हणाले. मी बाराशे म्हटलं.
सतराशेवर आलो, वर एक मिक्सरचं भांडं.

आणि मूर्खासारखं मी तिथंच,
मे महिन्यात, बारा वाजता, झाकण उघडलं.
आत रीळ होतं.
खटकन लावलं परत,
पण नागपूरचं ऊन दारात थांबून विचारत नाही.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. महालात, चौतीस वर्षं.
त्यामुळे हा जीव परका वाटला नाही:
मशीनचे दात कापड जसं टाक्याटाक्यानं सरकवतात
तसाच याच्या पोटात नखाएवढा आकडा
फिल्मच्या भोकात शिरतो, ओढतो, सोडतो, मागे येतो.
सेकंदाला सोळा टाके.
सुईच्या जागी उजेड.

मशीनचं तेल मात्र याला चालत नाही,
पातळ असतं, चालत चालत शटरवर जाऊन बसतं.
इतवारीत तैय्यबअलींनी घड्याळाचं दिलं, म्हणाले,
थेंब नको, थेंबाचा वास लावा.
झाकणाच्या खाचेतली लोकर झिजली होती;
वनमालेच्या काळ्या स्वेटरचा उसवलेला धागा बसवला.
भिंगाच्या कडेला बुरशी. अर्धी गेली, अर्धी राहू दिली.
उजेड मोजायचा काटा मेलेला आहे.
इथल्या मेमध्ये मोजायचं तरी काय असतं.
आणि रात्री ठेवताना स्प्रिंग पूर्ण उतरवायची,
ताणून ठेवली की थकते.
वनमाला म्हणे, "हे त्या डब्ब्याले समजते, तुमाले कवा समजन?"

रिळात काय आहे, काकांना विचारलं होतं.
"काय मालूम. साहेबाची बायको घेत होती."
या फिल्मची तऱ्हा अशी:
पंचवीस फूट एका कडेनं जायचं, मग रीळ पालटून
त्याच पट्टीच्या दुसऱ्या कडेनं परत यायचं.
धुतल्यावर मधोमध चिरतात.
काटा शेवटाला टेकलेला होता. पालटायचं राहिलं होतं.
गाडी आली असेल. किंवा पोर रडलं असेल.

पालटलं मी, साठ वर्षांनी,
रजईत हात घालून, आंधळ्यासारखा.
दोन मिनिटं मिळणार होती. फुटाळ्याला नेऊ म्हणत होतो.
नेलं नाही. वनमाला कूलरमध्ये पाणी ओतत होती,
पाईप असताना बादलीनं.
मी बटण दाबलं.
स्प्रिंग अर्ध्या मिनिटात संपते. चार वेळा चावी दिली,
चार वेळा ती थांबली, चावी झाली की पुन्हा ओतू लागली.
कूलर केव्हाच भरला होता. अंगणभर पाणी.

नाशकातला एक पोरगा धुवून देतो, काळंपांढरं.
त्याला कळवलं, चिरू नको.

आली. ट्यूबलाइटसमोर धरली.
सुरुवातीचे काही फूट जळालेले, ते माझ्या हातचं.
मग राखेतून आल्यासारखी एका कडेला
केसांत पांढरी फीत, सायकलवरची पोरगी,
कोणाला तरी ओरडून काही सांगते आहे;
आणि दुसऱ्या कडेला, उलटी, पाय वर,
वनमाला, बादली, आभाळाकडे पडणारं पाणी.

तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.
"थे पोरगी आता माह्याएवढी असन."
मग म्हणाली, "तिचं अर्धं तिले धाडून द्या."
पत्ता कुठं आहे, मी म्हटलं.
दुकानात कात्र्या सात आहेत.

पट्टी गुंडाळून डब्यात ठेवली,
आणि स्प्रिंग ऐकत बसलो, उतरेपर्यंत.