ओली वात

गच्चीवर पांढरी पेटी आहे,
जुन्या खिडकीच्या झडपांची, चार पायांवर.
दार उत्तरेला,
म्हणजे उघडलं तरी ऊन आत डोकावत नाही.
आत दोन थर्मामीटर:
एक उघडा,
दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची वात
आणि वातीचं शेपूट वाटीतल्या पाण्यात.
हवा कोरडी असली की ओला पारा खूप खाली राहतो.
दोघांत अंतर जितकं, तितका पाऊस लांब.
एवढंच माझं शास्त्र.

जेलरोडला मला वेधशाळा म्हणतात.
"काय वेधशाळा, आज किती?"
मी दशांशासकट सांगतो.
तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासले,
एक आकडा सरकला की अख्खा गठ्ठा बाजूला.
सवय जात नाही.

दगू गायधनीच्या गिरणीबाहेर फळा आहे.
वर त्याचे दळणाचे दर, खाली माझं उद्या.
"ऊन कडक. चारनंतर पश्चिमेचा वारा.
कुरडया घालायला हरकत नाही."
एप्रिलभर हेच. मी फक्त तारीख पुसायचो.

मग मे लागला.
सोमवारी अंतर एकोणीस.
मंगळवारी चौदा.
बुधवारी नऊ.
गुरुवारी अडीच.

मला कळायला हवं होतं.
ओठ फुटत होते,
गच्चीच्या दाराची कडी फडक्याने धरावी लागत होती,
दोरीवरची चादर दहा मिनिटांत पत्र्यासारखी ताठ.
पण आकडा खोटं बोलत नाही
हे मीच सगळ्यांना सांगत आलेलो.
आणि खरं सांगायचं तर
रोज तेच तेच बरोबर असण्याचा
मलाही कंटाळा आला होता.

फळ्यावर लिहिलं: "उद्या दुपारनंतर पाऊस. वाळवण काढू नये."
पाऊस या शब्दाखाली दोन रेघा.

मंदाताई आढावांचे गहू तिसऱ्या दिवसाला आलेले,
त्या थांबल्या.
मंडपवाल्या शकीलने हळदीचा मांडव ताडपत्रीने गच्च आवळला,
आत नवरदेवासकट सगळे उकडून निघाले.
आभाळ मात्र
घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं,
कुठे डाग नाही.

कुणी रागावलं नाही. ते जास्त लागलं.
दगू म्हणाला, "होतं असं,"
आणि ज्वारीचा दर पुसून
तोच दर पुन्हा लिहिला.
मंदाताईंच्या दारावरून जाताना
आंबलेल्या चिकाचा वास येत होता.

अडीचची वेळ. चपला खालीच ठेवून
तळवे भाजत वर गेलो.
पेटीची एक झडप निखळलेली,
मी कधी पाहिलीच नव्हती.
आत चिरकाची मादी,
शेपटीखाली विटकरी ठिपका,
चोच उघडी, छाती लपलप हलतेय.
वाटी कोरडी ठणठणीत.
वात सुकून काडीसारखी.
आणि दोन्ही पारे एकाच रेघेवर:
एक्केचाळीस पूर्णांक दोन.
ती उडाली नाही. माझ्याकडे पाहत राहिली,
जणू उशीर मलाच झाला होता.

वहीत लाल शाईने नोंद केली:
सोमवार ते शुक्रवार, ओला पारा रद्द.
कारण: पक्ष्याने पाणी प्यायले.
खाली सही.

झडप ठोकली. कठड्यावर मडक्याचं खापर भरून ठेवलं.
ती दोन दिवस खापराकडे फिरकली नाही,
पेटीभोवतीच घुटमळायची.
तिसऱ्या दिवशी आली.

रविवारी जिन्यात मंदाताई.
"उद्या चीक काढू का? आकडे नकोत,
नुसतं हो की नाही सांगा."
मी वर गेलो, वाटी भरली,
वात बोटांनी भिजवली,
ओला पारा हळूहळू उतरेपर्यंत उभा राहिलो.
एकवीसवर थांबला.
खाली येऊन म्हटलं, "हो."

"बरं," त्या म्हणाल्या,
"मी तर गुरुवारीच गहू भिजवलेत."

पण तो दिवस, गुरुवार,
तेव्हा तर फळ्यावर माझा पाऊस होता.
घरात दोन पातेली होती म्हणजे.
एक माझ्या शब्दावर थांबलेलं,
दुसरं नाही.