जवळचा खांब

रूबेन मास्तर नोटांच्या प्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं.
कोऱ्या तावांतून चुकलेली नोट हेरायची
आणि बाजूला काढायची, एवढंच काम.
निवृत्त झाले, पण डोळे तिथेच राहिले.
आम्ही गोलसमोर उभे राहिलो की
ते नुसते बघत फिरतात
आणि एखाद्याच्या खांद्याशेजारच्या हवेत बोट ठेवतात :
इथून जाईल.

जातो.

मैदान जेल रोडच्या मागे. एका अंगाला उतार.
पाणी आणि बॉल, दोघंही घरंगळत
त्याच कोपऱ्यात जाऊन थांबतात,
म्हणून आपल्यावर कॉर्नर जास्त, असं मुश्ताकचं मत.
मास्तरांचं मत : घाबरून बाहेर मारता म्हणून.

जानेवारीत सकाळी सहाला सराव.
दवात चुन्याची रेघ विरघळलेली,
तोंडातून वाफा, नाकातून पाणी.
मुश्ताकच्या टेम्पोतून द्राक्षांचे रिकामे क्रेट उतरवायचे,
दोनावर दोन रचायचे, ते विरुद्ध संघ.
क्रेट धक्का देत नाहीत, शर्ट ओढत नाहीत,
कानाशी येऊन आईवरून बोलत नाहीत.
क्रेटांविरुद्ध आम्ही अजून हरलेलो नाही.

"माणूस धरू नका. जागा धरा."
मी म्हटलं, मास्तर, गोल माणूस मारतो, जागा नाही.
"माणूस तुला हिंडवेल.
तू जाशील त्याच्यामागे,
आणि बॉल येईल तू होतास तिथे."

तेव्हापासून मी जवळच्या खांबाशी.
डावा हात लोखंडावर, टाच रेघेवर.
खांबाचा रंग एका ठिकाणी उडालाय, छातीच्या उंचीला,
तळहाताएवढा.
तो वसंता गुंजाळचा हात.
सात हंगाम इथं उभा होता, मग चाकणला गेला.
माझा हात जरा खाली पडतो.

आमच्या कॉर्नरचं म्हणाल तर
त्यांना आम्ही नावं ठेवली होती.
"बिटको" म्हणजे आखूड पास.
"द्वारका" म्हणजे सगळ्यांनी मध्यात कोंडी करायची
आणि एकदम चार दिशांना सुटायचं.
सिन्नरवाल्यांविरुद्ध सुधन्वा कोपऱ्यातून ओरडला, द्वारका!
त्यांचा गोलकीपर हसला.
रोज तिथंच अडकतो म्हणाला, सकाळ-संध्याकाळ.
त्या हंगामात कॉर्नरवर एकच गोल झाला,
तोही सुधन्वाचा पाय घसरला म्हणून.

आज ओझरचा संघ. शून्य-शून्य.
एक गुण मिळाला तर आम्ही खालच्या गटात जात नाही.
मिनिट सत्त्याऐंशी, आणि
हा त्यांचा अकरावा कॉर्नर.
त्यांचा नऊ नंबर सव्वासहा फूट.
तो माझ्यासमोर येतो, मागे जातो, परत येतो,
विचारतो, काका, सेकंड शिफ्ट का आज?
खरंच सेकंड शिफ्ट आहे. सातपूर, तीनला पंच.
मी बघत नाही त्याच्याकडे.

भिंतीपलीकडून मालगाडी जाते, लांबलचक,
शिट्टी ऐकू येत नाही, फक्त रेफरीचा हात खाली येतो.
नऊ नंबर पळतो लांबच्या खांबाकडे,
त्याच्यामागे आमचे दोघं,
दोघंही!
मास्तर ओरडतात ते डब्यांच्या खडखडाटात जातं.
माझे पाय मागतात, जाऊ?
टाच रेघेवरून उचललीसुद्धा होती.

बॉल आला तो लांब नाही,
सरळ, सपाट, माझ्या उजव्या कानावर.

कानात मंदिराची घंटा, चर्चची घंटा, शिफ्टचा भोंगा.
गुडघे टेकलेले, हात अजून खांबाला.
बॉल आडव्या खांबावरून पलीकडे
चिलारीच्या काट्यांत.
कुणी टाळ्या वाजवत नाही, उशीर होतो म्हणून
एक पोरगं शिव्या देत बॉल काढायला जातं.

मी बाजूला बघतो.
मास्तरांचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात.
बोट कुठेच नाही.

रेफरी कोपऱ्याकडे खूण करतो.
बारावा.