एकोणीस सेकंद

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अंगाला,
जिथं पूर्वी तराजू ठेवत, त्या खोलीत आमचा गट बसतो.
पाच माणसं, तीन टेबलं, एक काचेची किटली.
खाली प्रयोगशाळांत रसायनं शिजतात,
आमच्याकडे फक्त ती पोरांना कशी कळतात
किंवा कशी कळत नाहीत, ते.
खालचे आम्हाला ‘बोलकी खोली’ म्हणतात.
प्रेमानं, असं हेल्वे मानते.

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
मी कानांत घालून बसते सत्तेचाळीस मुलांचे आवाज.
प्रश्न सगळ्यांना एकच:
पाणी उकळताना बुडबुडा वर येतो,
त्याच्या पोटात काय असतं?

हवा, म्हणाले चौदा जण.
काहीच नाही, म्हणाली वाल्गाची एक मुलगी,
रिकामा आहे म्हणून तर वर येतो.
एकानं उष्णता सांगितली, मुठीत धरून दाखवली
(मूठ ध्वनिफितीवर येत नाही, मी आठवून लिहिली).
आणि पुष्कळांनी: हायड्रोजन, ऑक्सिजन, सुटे सुटे.
आमच्या भाषेत हायड्रोजनला वेसिनिक म्हणतात,
आणि वेसी म्हणजे पाणी.
शब्दानंच दार उघडं टाकलं
तर पोरानं आत शिरू नये का?
हे मी निबंधात लिहिलं होतं. उर्मासनं खोडलं,
समासात एवढंच: पुरावा?

नियम असा, की तीन सेकंदांहून लांब शांतता
कंसात मोजून लिहायची.
(चार.) (सहा.) (नऊ, खुर्ची करकरते.)
कुणी गप्प राहताना नाक ओढतं,
कुणी पेनाचं टोपण उघडतं, मिटतं, उघडतं.

क्रमांक एकतीस. कार्मो.
(एकोणीस.)
मग अगदी खालच्या पट्टीत:
पाणीच.
पाणीच असेल ना, फक्त एकमेकांपासून लांब गेलेलं.

आणि त्यावर माझा आवाज:
हं?

बास. कागदावर जेमतेम एक अक्षर.
आणि कार्मो घाईघाईनं: नाही, नाही,
हायड्रोजन. आणि ऑक्सिजन.
माफ करा.

मी ते नऊदा ऐकलं.
दहाव्यांदा फक्त माझं ऐकलं.
त्या ‘हं’मध्ये शंका नव्हती, शपथेवर सांगते;
मी खूश झाले होते,
मला ते पुन्हा ऐकायचं होतं.

हेल्वेला ऐकवलं. तिनं चष्मा काढला, पुसला,
घातला नाही.
म्हणाली, आता सगळे हं मोजा. सगळ्यांचे. माझेही.
उर्मास म्हणाला, अनुदान बुडबुड्यांसाठी मिळालंय.
ती म्हणाली, मग लिही, एक आमच्या तोंडातून निघाला.

दोनशे सहा निघाले.
बरोबर उत्तरामागून आलेले आम्ही पिवळे रंगवले.
सर्वांत जास्त हेल्वेचे, चाळीस वर्षं शिकवलेलीचे.
तिनं तो तक्ता आपल्या दाराला लावला,
आतल्या बाजूनं.

फेब्रुवारीत नदी गोठलेली असताना
कमानीच्या पुलावर कार्मो भेटला.
रसायन सोडून आता तो वनशास्त्र शिकतो,
टोपीवर लाकडाचा भुसा होता.
मी सांगून टाकलं सगळं, एका दमात:
तुझं बरोबर होतं. मीच घालवलं.

तो थांबला. मी सवयीनं मोजू लागले,
आणि सातावर स्वतःला आवरलं.

मग म्हणाला, प्रश्न काही आठवत नाही मला.
तुमची किटली गळत होती, तेवढं आठवतं.
पाणी ओघळत माझ्या वहीपर्यंत आलं होतं,
आणि तुम्ही इतक्या लक्ष देऊन माझ्याकडे पाहत होता
की पुसू की नको,
ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.