चार वाजून दहा

माझं झेरॉक्सचं दुकान ठाण्याच्या अगदी समोर.
मधे डांबरी रस्ता, एक बाभूळ,
आणि पंचनाम्याच्या प्रतींची उधारी.
मार्चपासूनचे सहाशे चाळीस रुपये
मी मागत नाही, ते देत नाहीत,
आणि रस्त्यावर आलेला माझा पत्रा
कुणाला दिसत नाही.

उलंगवाडीचे दिवस होते.
दुपारची लाइन आली, मशीन तापायला घातलं,
तेवढ्यात जीप थांबली.
इस्तारी टेकाम उतरला. उतरला म्हणजे, उतरवला.
एका पायात चप्पल.
कुणाच्या तरी विहिरीवरची मोटारची केबल गेली होती.
आणि केबल गेली की जीप
कोलामांच्या पोडावर जाते.
तशी चाकोरीच पडली आहे तिला.

रात्री आठला पोचुबाई आली.
तळहातावर निळ्या पेनानं नंबर,
आश्रमशाळेतल्या पोरीनं लिहून दिलेला.
नऊ आकडे नीट होते, दहावा घामानं गेलेला.
आम्ही शून्यापासून सुरू केलं.
एक दूधवाला. दोन बंद फोन.
झोपेतून उठून शिव्या देणारा उमरखेडचा कोणी.
सहावर वकीलबाई लागल्या.

ठाणे अंमलदार दारातच होते.
"चोर नाही म्हंता, मंग वकील कायले पाह्यजे?
अन् चोर असन, तं वकील काय करन?"
पोचुबाईला उत्तर आलं नाही.
खरं सांगतो, मलाही आलं नाही.
आणि अटक झालेल्याचे अधिकार, तो तक्ता
मीच लॅमिनेट करून दिलेला त्यांना,
एक बुडबुडा येऊ दिला नव्हता.
आता त्याच्यापुढे कपाट आहे.

वकीलबाई ताकसांडे पावणेअकराला आल्या,
पांढरकवड्याहून, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून,
कानाला मफलर, फाइल पोटाशी.
माझ्याकडून वकीलपत्राचा फॉर्म घेतला,
पाच रुपये मोजून ठेवले.
आवाज चढवला नाही कुठेच.
आत जाऊन एवढंच विचारलं,
"किती वाजता आणलं?"

"नऊ."
डायरीतही नऊच होते.
त्या नऊची शाई
वरच्या ओळींपेक्षा काळी होती.

मी दारात उभा, हातात इंकपॅड,
इस्तारीच्या अंगठ्यासाठी.
मला कुणी काही विचारलं नव्हतं.
डोक्यात पत्रा वाजत होता,
सहाशे चाळीस, सहाशे चाळीस.
"चार वाजून दहा," कोणीतरी म्हणालं.
"लाइन आली तवा."
आवाज माझा निघाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
रोजच्या वाटेवरच्या दगडाची
पहिल्यांदा ठेच लागल्यावर
माणूस मागे वळून पाहतो, तसं.

मग बाई आणि इस्तारी
कोपऱ्यातल्या बाकावर बसले,
शिपायाला दिसतील असे,
शिपायाला ऐकू जाणार नाही असे.
त्याचा अंगठा निळा होता,
तो पॅन्टला पुसावा की नाही ते त्याला कळेना.
काय बोलले, मला माहीत नाही.
कुणालाच माहीत नाही.
बावीस वर्षं मी समोर बसतो,
त्या खोलीतलं सगळं
रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येतं,
मारलेलं, ओरडलेलं, कबूल केलेलं.
हे नाही आलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या आत
त्याला कोर्टापुढे उभं केलं.
केबलचं अजून चालू आहे.
पोचुबाई दुसऱ्या पायातली चप्पल शोधायला
दोनदा येऊन गेली.

सोमवारी ग्रामपंचायतीचा शिपाई आला.
अतिक्रमणाची नोटीस, माझ्याच नावाची,
आणि तिच्या दोन प्रती काढायच्या होत्या,
गावात दुसरं मशीन नाही.
काढून दिल्या.
चार रुपये घेतले.
रोख.