अर्जातली एक ओळ

फोंड्याला मामलेदार कचेरीच्या जिन्याखाली
माझं टेबल आहे. एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या मतदार यादीची घडी.
लोक सांगतात, मी टंकतो.
साधा अर्ज साठ रुपये, प्रतिज्ञापत्र दीडशे,
रडण्याचे वेगळे लावत नाही.

उल्हास, माझा धाकटा, कुर्टीला टाइल्सचं दुकान त्याचं,
दुपारी डबा द्यायला येतो आणि रांगेकडे बघतो.
"इथं उभे राहतात तेवढा वेळ हातात थापी धरली असती
तर घरं झाली असती ह्यांची."
त्याचं झालं. हे खरं आहे.
गाळ्याची अनामत मामानं भरली होती, हेही खरं,
पण ते काढलं की तो डब्याचं झाकण शोधू लागतो.

रघुवीरबाब भाटकार येतात तेव्हा
शिपाई वरून खुर्ची आणतो.
त्यांच्या कुळागराच्या वाटेवर कुणी विटा टाकल्यात.
तीन पानं भरली. कुणी म्हणालं नाही,
बाब, रडगाणं पुरे, उचला विटा.
त्यांच्या कागदाला निवेदन म्हणतात.

सोमावती गावडे मंगळवारी आली, मडकईहून,
पहिल्या बसनं, पिशवीत दोन नीरफणस, माझ्यासाठी.
घर भाटातलं. मागची भिंत बसली.
नवी बांधायला भाटकाराची सही हवी, सही मिळत नाही.
आजेसासऱ्यापासून तिथं चूल पेटते,
पण कागदावर तिथं फक्त माड आहेत, सत्तावीस.
मी भराभर टंकत होतो. असले अर्ज बोटांना पाठ असतात.

मग ती म्हणाली, "आता माझी चूक घाल."
कसली चूक?
"नाव लावून घ्या म्हणून नोटीस आली होती, नवरा होता तेव्हा.
मी ती तांदळाच्या डब्याखाली ठेवली.
वाचता येत नव्हतं. विचारायची लाज वाटली.
डबा हलवला तेव्हा वाळवीनं खाल्ली होती."

असलं घालत नाहीत, म्हटलं. तेवढंच उचलतील.
साहेब म्हणतील, बघा, स्वतःच कबूल करते,
आणि बाकीचं वाचायची गरजच उरणार नाही.

ती बोटाला लागलेला नीरफणसाचा चीक खरवडत राहिली.
"भिंत माझ्यामुळं नाही पडली. सही माझ्यामुळं नाही अडली.
पण डब्याखाली मीच ठेवली ना?
ते कुणाच्या नावावर घालू?"

मशीन बराच वेळ टकटकलं.
मग मी तिला सगळं वाचून दाखवलं, सावकाश, तिच्या ओळीसकट.
तिनं मान हलवली, डावा अंगठा शाईत बुडवला
आणि दाखवलं तिथं ठेवला.

ती ओळ कागदावर नाही.

सुनावणी एकोणीस तारखेला.
ती न विचारताच सांगेल,
साहेब पान उलटतील, म्हणतील, इथं तर असं काही नाही बाई,
आणि ती खाली, जिन्याच्या दिशेनं बघेल.
उल्हासला बोललो नाही. तो म्हणेल,
भलंच केलंस की तिचं.

नीरफणसाची कापं बायकोनं रव्यात घोळून तळली.
मीठ जरा जास्त झालं होतं.
कुणी तक्रार केली नाही.